दोघांसाठी वीस इंच

मोटारहोम म्हणजे चाकांवरचं घर, हे आता नातेवाइकांना नव्याने सांगायला नको. गेले सहा महिने आमच्याकडून फोनवर दुसरा विषयच निघालेला नाही. पण त्यातला एक शब्द मात्र समजावून द्यायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. 'स्लाइड-आऊट'. गाडी उभी करायची, बटण दाबायचं, की बाजूच्या भिंतीचा एक तुकडा आतल्या सोफ्यासकट किंवा पलंगासकट बाहेर सरकतो. कपाटाचा खण ओढावा तसा. फक्त इथे खण बाहेर गेला की आतली जागा वाढते. निघताना पुन्हा बटण, खण आत.

आम्ही बघतोय ती गाडी पंचवीस फुटी, म्हणजे अमेरिकेच्या मानाने लहानच. माहितीपत्रकात दोन गोष्टी ठळक छापल्यात: 'खास दोघांसाठी' आणि 'वाढणारी बैठक'. दोन्ही शेजारीशेजारी वाचल्या आणि डोक्यात किडा वळवळला. माणसं जर दोनच, तर वाढवायचं कोणासाठी? नवऱ्याचं उत्तर तयार होतं, "अगं, पाय पसरायला." बरोबर असेलही. पण मला एखादी वस्तू विकत घ्यायची म्हटलं की तिचं कूळ शोधल्याशिवाय चैन पडत नाही (मिक्सर घेतानाही हेच झालं होतं). मागे मागे जात थेट १८८५ सालात पोचले.

त्या वर्षी इंग्लंडमध्ये डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स नावाच्या गृहस्थांनी निव्वळ हौसेखातर एक घरगाडी बांधून घेतली. गृहस्थ आरमारातले निवृत्त डॉक्टर, मुलांसाठी साहसकथा लिहिणारे. गाडीचं नाव 'वाँडरर'. ब्रिस्टलच्या वॅगन कारखान्यात बनलेली, महोगनीचं लाकूड, सामानासकट वजन दोन टनांच्या घरात, ओढायला दोन घोडे. ती घेऊन हे महाशय लंडनच्या पश्चिमेच्या ट्वायफर्डपासून स्कॉटलंडमध्ये पार इनव्हर्नेसपर्यंत गेले आणि पुढच्या वर्षी प्रवासाचं पुस्तकही लिहिलं. निव्वळ आनंदासाठी घरगाडीतून हिंडण्याची सुरुवात इथून धरतात. १९०७ साली तिथे कॅरॅव्हॅन क्लब निघाला तेव्हा उपाध्यक्ष म्हणून याच स्टेबल्सना मानाने बोलावलं.

मला रस होता तो शिरगणतीत. मालक एक. पण गाडीबरोबर एक खास नोकर आणि एक कोचमन. शिवाय एक भलामोठा न्यूफाउंडलँड कुत्रा आणि एक काकाकुवा. नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जाऊन अरुंद रस्ता मोकळा आहे का ते बघायचा. कोचमन रात्री घोड्यांबरोबर गावातल्या सराईत. म्हणजे जागा कमी पडली ती सोडवली कशी, तर एक माणूस बाहेर काढून! स्टेबल्सचं स्लाइड-आऊट म्हणजे रस्त्यावरची सराई. पुस्तकात सगळं प्रसन्न आहे, निसर्ग आहे, स्वातंत्र्य आहे. त्या स्वातंत्र्याला पगारी माणसं दोन लागली एवढंच.

याला 'जंटलमन जिप्सी' म्हणत. यातला 'जंटलमन' महत्त्वाचा. कारण त्याच इंग्लंडात, त्याच दशकात, खरोखरचे जिप्सी आणि जत्रेत खेळ करणारी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या चाकांवर राहत होती आणि त्यांच्या गाड्यांवर कायदा आणायची खटपट चालू होती. जॉर्ज स्मिथ नावाचे एक समाजसुधारक होते. कालव्यांतल्या बोटींवर राहणाऱ्या कुटुंबांसाठी १८७७ चा कायदा त्यांच्याच प्रयत्नांतून झाला; त्यात बोटीची नोंदणी आणि तिच्यावर जास्तीत जास्त किती माणसं राहू शकतात याचा ठरलेला आकडा होता. हेतू वाईट नव्हता, मुलांचे हाल त्यांनी पाहिले होते. पुढे त्यांना तेच घरगाड्यांना लावायचं होतं. नोंदणी, तपासणी, निरीक्षकाला आत शिरायचा अधिकार. जत्रेवाल्यांनी १८८९ मध्ये संघटना बांधून त्याला कडाडून विरोध केला आणि ते विधेयक काही मंजूर झालं नाही. एकाच रस्त्यावरून दोन सारख्या गाड्या जाताहेत. एकीत माणसं किती हे सरकारला मोजायचंय, दुसरीतल्या मालकाला लोक टोपी काढून सलाम करताहेत. (आणि आपल्याकडे त्याच राज्याने १८७१ पासून भटक्या जमातींतल्या कित्येकांना जन्मतःच गुन्हेगार ठरवून ठेवलं होतं. तो कायदा जायला १९५२ साल उजाडलं.) असो. हा विषय वेगळ्या लेखाचा आहे, पण तो वगळून पुढे जाणं बरं वाटेना.

मग मोटार आली. १९१० मध्ये पिअर्स-अ‍ॅरो या अमेरिकेतल्या श्रीमंती कंपनीने एक 'टूरिंग लँडो' काढली. मागच्या सीटचा पलंग होतो, शोफरच्या सीटच्या पाठीतून घडीचं बेसिन निघतं, सीटखाली भांडं. सगळं दुमडून, मिटून ठेवलेलं, लागेल तेव्हा उघडणारं. छोट्या मोटारहोमची सगळी अक्कल इथे बीजरूपाने आहे. पण पुढे बसलेला शोफर 'आत किती जण' या हिशेबात धरलेलाच नाही.

तो हिशेबातून खराखुरा गेला फोर्डच्या मॉडेल टी मुळे. १९०८ नंतर साध्या माणसाच्या हातात गाडी आली आणि मालक स्वतःच ड्रायव्हर झाला. १९१९ साली फ्लोरिडात टँपाला या हौशी मंडळींनी आपला संघ काढला, नाव 'टिन कॅन टूरिस्ट्स'. यांचं वाढीव घर म्हणजे गाडीच्या बाजूला बांधलेला कापडी तंबू. बारा महिने चौदा काळ गळणारा, पण त्यात बायकामुलं झोपायची. इथून पुढे गाडी वाढवायची ती बरोबरच्या माणसांसाठी, हे ठरून गेलं.

याचा कळस म्हणजे फोक्सवॅगनची व्हॅन. तुम्ही हिंदी सिनेमांत नाही तरी पोस्टरवर नक्की पाहिली असेल, गोल डोळ्यांची, दोन रंगांची. बेन पॉन या डच विक्रेत्याने १९४७ मध्ये वहीत एक चौकोनी डबा रेखाटला आणि १९५० मध्ये ती गाडी बनू लागली. सव्वाचार मीटरच्या आसपास लांबी, पावणेदोन मीटरच्या आसपास रुंदी, मागे पंचवीस हॉर्सपॉवरचं इंजिन. (आमच्या पहिल्या मारुतीला यापेक्षा जास्त होते!) वीडनब्रुक गावच्या वेस्टफालिया कंपनीने १९५१ पासून तिच्यासाठी 'कॅम्पिंग बॉक्स' बनवली. आठवडाभर गाडीतून माल वाहायचा, शनिवारी ती लाकडी पेटी आत सरकवायची आणि सहलीला जायचं. युद्धातून नुकताच उठलेला देश. दोन गाड्या कोणाला परवडणार? माझ्या मते ही पेटी त्या सगळ्या इतिहासातली सर्वात शहाणी वस्तू आहे, कारण ती काढून ठेवता येत होती.

पण त्या गाडीत सरळ उभं राहता येत नव्हतं. यावर वेस्टफालियाने छतात एक छोटी झडप बसवली, पाणबुडीच्या झाकणासारखी. तिच्यात एका वेळी एकाने उभं राहून पँट चढवायची. इंग्लंडात फोकस्टन इथल्या मार्टिन वॉल्टर कंपनीने त्याहून मोठी उडी मारली. त्यांच्या 'डॉर्मोबील'चं छप्पर एका बाजूच्या बिजागरीवर पेटीच्या झाकणासारखं उघडायचं, खाली पट्ट्यापट्ट्यांचं कापड, आणि त्या वर गेलेल्या जागेत कॅनव्हासच्या दोन झोळ्या. त्या झोळ्यांत मुलं. आईबाप खाली, पोरं वर. पुढे फोक्सवॅगनवर उचलती छपरं सर्रास झाली तरी तत्त्व तेच: छप्पर उघडलं की दोन माणसं वाढतात.

मला हे फार ओळखीचं वाटलं. मुंबईच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बांधल्या, खोली एकशेसाठ चौरस फूट. आमची पंचवीस फुटी गाडी साडेसात फूट रुंद धरली तर बाहेरून पावणेदोनशेच्या थोडी पुढे जाते, आणि त्यात इंजिन आणि स्टिअरिंगही आलं. म्हणजे राहायची जागा चाळीच्या खोलीहून कमीच. त्या खोलीत आठ-आठ, दहा-दहा माणसं कशी राहिली? खोली रात्री वाढायची म्हणून. पुरुष गॅलरीत, पोरं गच्चीवर, कॉटच्या वर एक कॉटच्या खाली एक, आणि पाहुणा आलाच तर शेजारच्यांकडे. माझ्या सासरची निम्मी माणसं अशीच वाढली. तिथे वाढीव जागेचा अर्थ एकच होता, अजून एक माणूस मावेल.

जरा आडवळण घेते, कारण गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेची स्वस्त कोंबडी युरोपात फार जाऊ लागली, म्हणून तिकडच्यांनी तिच्यावर जकात वाढवली. रागावून अमेरिकेने १९६४ पासून परदेशी मालवाहू व्हॅन आणि पिकअपवर पंचवीस टक्के कर लावला. रोख सरळ फोक्सवॅगनवर होता. हिचं नावच 'चिकन टॅक्स'. फोक्सवॅगनच्या पिकअप आणि बंद व्हॅन अमेरिकेतून जवळजवळ नाहीशा झाल्या. खिडक्यावाल्या, माणसं नेणाऱ्या गाड्या मात्र येत राहिल्या. आता बोला! बरं, तो कर अजून आहे. आम्ही बघतोय ती गाडी मर्सिडीजच्या स्प्रिंटर व्हॅनच्या सांगाड्यावर आहे. या व्हॅन कितीतरी वर्षं जर्मनीत बनवून, मग सुट्या करून, इथे साउथ कॅरोलिनात पुन्हा जोडल्या जायच्या. तिथे पूर्ण कारखाना झाला तो २०१८ मध्ये. तोवर कोंबडीमुळे गाडी उसवा आणि शिवा.

आता स्लाइड-आऊट. उभ्या करून ठेवायच्या मोठ्या ट्रेलर-घरांत बाहेर ओढायच्या खोल्या आधीही होत्या. पण मोटारहोममध्ये बटणावर सरकणारी भिंत आणली ती इंडियानातल्या न्यूमार कंपनीने, १९९० मध्ये. सुरुवातीला बसएवढ्या गाड्यांत. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत ती उतरत उतरत लहान गाड्यांत आली, आणि याच काळात 'दोघांसाठी' हा शब्द माहितीपत्रकांवर झळकू लागला. गिऱ्हाईक बदललं होतं. पोरं घराबाहेर पडलेली, नोकरी संपलेली किंवा संपत आलेली, घराचं कर्ज फिटलेलं. थोडक्यात, आम्ही.

आणि इथे माझ्या किड्याला उत्तर मिळालं. सराई, तंबू, झडप, झोळ्या, गॅलरी... या सगळ्यांनी जागा वाढली ती माणसं वाढावीत म्हणून (स्टेबल्सच्या बाबतीत, नोकर नजरेआड व्हावा म्हणून). या बटणाने एकही माणूस वाढत नाही. आतली माणसं तेवढीच राहतात, त्यांच्यातलं अंतर वाढतं.

टेप घेऊन मोजलं. आमच्या गाडीचा खण सात फूट लांब आहे आणि वीस इंच बाहेर जातो. बारा चौरस फूटसुद्धा पुरे होत नाहीत. सतरंजीची एक घडी. पण तो उघडा असताना एक जण ओट्याशी उभा असेल तर दुसरा त्याच्या मागून न घासता, "जरा सरक" न म्हणता जाऊ शकतो. बंद असताना नाही जाऊ शकत. कंपनी पैसे घेते ते या 'जरा सरक'चे.

हे हसण्यावारी न्यायचं नाही असं मी ठरवलंय. नवरा गेल्या वर्षी निवृत्त झाला. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण त्यातली निदान तीस आम्ही दिवसाचे दहा-दहा तास एकमेकांना दिसत नव्हतो. आता घरात वर-खाली दोन मजले आहेत. तो खाली रेडिओ लावतो, मी वर असते, चहाला भेटतो. मला पहाटे चारला जाग येते आणि दिवा लागतो. त्याला सकाळी सातपर्यंत मिट्ट अंधार हवा. पंचवीस फुटांत हे कुठे बसवायचं? मुलीला हे सांगितलं तर म्हणाली, "ते राहू दे, आई. आरव कुठे झोपणार?" आरव म्हणजे नातू (खरं नाव नाही लिहीत). झोपायचं सोडा, या गाडीत मागे सीटबेल्टच नाहीत, तो बसूच शकत नाही. जुन्या फोक्सवॅगनमध्ये पोरं मागे लोळत जायची, कारण बेल्टची सक्ती नव्हती. ते तसंच चालू ठेवावं असं मी म्हणणार नाही. पण 'दोघांसाठी' याचा अर्थ नुसता 'दोघांना ऐसपैस' असा नाही, 'तिसऱ्याला मज्जाव' असाही आहे, हे विक्रेता आपणहून सांगत नाही.

मग गाडी पारखायची कशी? दुकानात ती नेहमी उघडी ठेवलेली असते, दिवे लावून, उशा रचून. मी त्यांना खण बंद करायला लावला आणि दार ओढून आत अर्धा तास बसले. कारण रस्त्यात जेवायला थांबलात, पेट्रोलपंपावर झोप लागली, पार्किंगला शेजारी गाडी खेटून उभी असली, तर घर बंदच असणार. बंद असताना संडासाचं दार उघडतं का? फ्रिज उघडतो का? पलंगावर दोघांना आडवं होता येतं का? आमच्या गाडीत पहिल्या दोन्हींचं उत्तर हो. पलंग मात्र अर्धा दुमडलेला राहतो, त्यावर एकच जण झोपू शकतो, तोही पाय पोटाशी घेऊन. म्हणजे खण अडकला तर 'दोघांसाठी'ची गाडी एकासाठी होते. खण अडकतात. आमच्या एका परिचितांचा भर पावसात बाहेरच अडकला होता आणि दोघांनी हाताने फिरवायचा दांडा शोधण्यात दोन तास घालवले. त्यानंतर त्यांनी पहिलं काम केलं ते दांडा दाराशी टांगून ठेवण्याचं.

भिंतीला एवढं मोठं भोक पाडायचं म्हणजे कडेने रबराची पट्टी आली, ती दरवर्षी बघायची आली, खणाच्या डोक्यावर पडलेली पानं आत घेण्याआधी झाडायची आली. झाडू लागतोच. कोकणातल्या घराची कौलं परतणं परवडलं.

आणि वजन. हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि उशांमागे लपतं. खण, त्याची मोटर, रूळ, यांचं वजन काहीशे पौंडांत जातं आणि ते तुमच्या सामानाच्या वाट्यातून कापलं जातं. २००८ पासून इथे प्रत्येक नव्या मोटारहोमवर माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल याची चिकटपट्टी लावणं सक्तीचं आहे. ती माहितीपत्रकात नसते, दाराजवळ लावलेली असते, वाकून वाचावी लागते. आमच्या गाडीवर आकडा आहे ११०० पौंड. भरपूर वाटतं ना? आम्ही दोघं मिळून ३१० (कोणाचे किती ते विचारू नका). पाण्याची टाकी २७ गॅलनची, गॅलनला सव्वाआठ पौंडांहून थोडं जास्त, म्हणजे सव्वादोनशे. उरले ५६५. त्यात कपडे, भांडी, अंथरुणं, हत्यारं, खुर्च्या, सायकली, डाळ-तांदूळ. एका महिन्याचा संसार बसेल. वर्षाचा नाही. जॉर्ज स्मिथला जो आकडा गाडीवर रंगवून हवा होता तो सव्वाशे वर्षांनी आमच्या गाडीवर लागला, फक्त माणसांऐवजी पौंडांत.

माझं मत विचाराल तर खण नसलेली, थोडी रुंद, कायमचे दोन वेगळे पलंग असलेली गाडी मिळाली तर मी तीच घेईन. मागच्या भागात एकेक पलंग, मधे चालायला वाट. चारला दिवा लावला तर पडदा ओढता येतो. नवऱ्याला हे पटत नाही. त्याला संध्याकाळी टेबलाशी समोरासमोर बसून पत्ते खेळायचेत आणि त्यासाठी ते वीस इंच हवेत. त्याच्या बोलण्यात तथ्य नाही असंही नाही. दिवसभर शेजारी बसून एकाच दिशेला बघत गाडी चालवल्यावर माणसाला समोर बसावंसं वाटत असेल.

तूर्त तडजोड अशी झाली आहे की ऑक्टोबरात अशीच गाडी चार रात्रींसाठी भाड्याने घ्यायची. पहिल्या दोन रात्री खण बंद, नंतरच्या दोन उघडा. बंदच्या रात्री दुमडलेल्या पलंगावर कोण आणि जमिनीवर कोण, यावर बोलणी अजून चालू आहेत.